बतावणी (तमाशा)

बतावणी : गण (सुरुवातीचे गणेशवंदन) आणि गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश) आटोपल्यावर आणि वग, म्हणजे मुख्य कथानाट्य, उभा राहण्याआधी तमाशात होणारा विनोदी संवाद. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, आणि त्याच्या समोरचा गडी या दोघांवर तो चालतो. पुढे वगातही राजा-प्रधान, हवालदार, शिपाई अशा पात्रांच्या तोंडी बतावणी पेरलेली असते. गाणे-नाच थांबलेला असतो, त्यामुळे प्रेक्षक धरून ठेवायचे ते केवळ बोलण्यावर. मागे ढोलकी, हलगी, तुणतुणे घेऊन उभे असलेले साथीदारही मधूनच संवादात तोंड घालतात.

बांधणी साधी दिसते, पण नेमकी असते. समोरच्या गड्याने सरळ प्रश्न विचारायचा, सोंगाड्याने त्यातला एक शब्द उचलून तो भलत्याच अर्थाने घ्यायचा. राजा विचारतो, "प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?" प्रधान झालेला सोंगाड्या म्हणतो, "हाल रग्गड हायेत म्हाराज, हवालदार तेवढा दिसंना." इथे राजाने हसायचे नाही. ते उत्तर खरे मानून, दरबारी थाट न सोडता त्याने पोलिसांच्या बंदोबस्ताची चौकशी करायची, म्हणजे पुढचा फटका त्या चौकशीवर बसतो. बतावणी रंगते ती बहुतांशी या दुसऱ्या गड्यामुळे. तमाशाच्या कौतुकात त्याचे नाव सहसा येत नाही, हा अन्याय आहे. त्याने प्रश्न फिरवून विचारला, तर कोटीचा शब्दच हरवतो. हशा उतरण्याआधी तो बोलला, तर पुढचे वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. हशा पुरता विरल्यावर बोलला, तर चढलेला रंग पुन्हा शून्यापासून चढवावा लागतो. ढोलकीची थापही कोटीनंतरच पडायला हवी. शब्दावर पडली की शब्द बुडतो.

संवादाचा सांगाडा ठरलेला, भरणा ताजा. गावात उतरल्यावर पाणीटंचाई, रेशनचे दुकान, निवडणूक, रस्ता अशी माहिती काढून ती रात्री संवादात घालायची, ही जुनी रीत. राजा पोथीतला, तक्रार मात्र गावची. म्हणून सत्तेवरची टीका अंगावर न येता पोचते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच बळ राजकारणाने ओळखले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून कामगार-शेतकऱ्यांचे प्रश्न तमाशाच्या अंगाने मांडले. अण्णाभाऊंनी गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले, गवळण गाळली. सोंगाड्याचा विनोद मात्र ठेवला, कारण सावकार-भांडवलदाराची फजिती दाखवायला त्याच्याइतके धारदार हत्यार नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली. तमाशाच्या अंगाच्या या नाटकांना लोकनाट्य हे नाव रुजले ते याच काळात. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले यांच्यासारखे नट पुढे आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांचे फड सभांइतकीच गर्दी खेचत.

खेळाची लिखित संहिता सरकारकडून आधी मंजूर करून घेण्याची अट बतावणीला सर्वांत जाचक ठरली. वग लिहून देता येतो, पण त्या रात्री त्या गावात सुचणारे उत्तर आधी कसे लिहिणार? लेखकांनी यातून वाट काढली ती सैल जागा ठेवून. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्यामध्ये दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडींवर पदरची वाक्ये घालत. त्यामुळे पाहिलेला प्रयोग लोक पुन्हा पाहायला येत. छापील पुस्तकात या भरण्यातले फारसे काही सापडत नाही. तिथे उरतात मुख्यतः समोरच्या गड्याचे प्रश्न आणि सोंगाड्याची ठरलेली उत्तरे.