हृद्‌रोहिणींच्या जन्मजात विकृती

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणींचा उगम किंवा मार्ग जन्मतःच वेगळा असणे. अँजिओग्राफी केलेल्या साधारण शंभरांत एकाकडे असा फरक आढळतो व बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. कोवळ्या वयात जिवावर बेततात ते मुख्यतः दोन प्रकार.

पहिल्यात डावी हृद्‌रोहिणी महारोहिणीऐवजी (हृदयातून शरीराकडे रक्त नेणारी मुख्य वाहिनी) फुप्फुस रोहिणीतून निघते (सुमारे तीन लाख जन्मांत एक). ब्लँड, व्हाइट व गार्लंड या डॉक्टरांच्या १९३३ च्या वर्णनावरून त्याला ‘ब्लँड-व्हाइट-गार्लंड सिंड्रोम’ असे नाव पडले. अब्रिकोसॉफ यांनी केलेली त्याची नोंद मात्र १९११ ची आहे. जन्मानंतर फुप्फुस रोहिणीतील दाब उतरला की स्नायूचे रक्त तिकडे वळते. बाळ चार घोट ओढून दूध सोडते, कपाळ घामेजते, अंग पांढरेफटक पडते. पोट दुखत असेल म्हणून ग्राइप वॉटर पाजले जाते. रोहिणी महारोहिणीत रोवली नाही तर बहुतेक बालके वर्षाच्या आत दगावतात.

दुसऱ्यात रोहिणी महारोहिणीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कप्प्यांपैकी भलत्याच कप्प्यातून निघून महारोहिणी व फुप्फुस रोहिणी या दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधल्या जागेतून जाते. श्रमाच्या वेळी मृत्यू का येतो, याविषयी मतभेद आहेत. वाहिन्या फुगून रोहिणी चिमटतात, हे जुने मत. परंतु फुप्फुस रोहिणीतील दाब एरवी कमीच असतो, त्यामुळे ते पुरेसे पटत नाही. रोहिणीचे तोंड फटीसारखे असते व पुढचा काही भाग महारोहिणीच्या भिंतीतूनच जातो. धावताना तो आणखी आवळतो, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. विश्रांतीतील ईसीजी, कधी ट्रेडमिल चाचणीही निर्दोष येते. उगम दिसतो तो काळजीपूर्वक केलेल्या इकोत व सीटी अँजिओग्राफीत.

नाशिकला हा विषय दूरचा नाही. धावपटू कविता राऊतच्या सावरपाडा गावाचा हा जिल्हा. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे मैदाने भरलेली असतात. धावता-धावता आलेली भोवळ उपाशीपोटावर किंवा उन्हावर ढकलू नये. तपासणी होईपर्यंत सराव थांबवावा. कोसळलेला प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट नसेल तर कांदा हुंगवत बसू नये. १०८ ला फोन करून लगेच छाती दाबायला लागावे.

डाव्या रोहिणीचा उगम उजव्या कप्प्यात असल्यास तरुणांत लक्षणे नसतानाही बहुधा शस्त्रक्रिया सुचवतात. उजवी असल्यास लक्षणे किंवा रक्तपुरवठ्यातील तूट पाहून ठरवतात. भिंतीतील भाग उघडून तोंड रुंद करतात. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, ताण-चाचणी समाधानकारक आल्यास, मैदानावर परतता येते.