खुलासा: डिले टाकला म्हणून हार्डवेअर काउंटरची मोजणी चुकत नाही

सोलापुरात यंत्रमागाला फेऱ्यांचा मीटर बसवताना एक समज हमखास ऐकू येतो: प्रोग्राममध्ये डिले (मुद्दाम थांबवणारी आज्ञा) असला की पल्स, म्हणजे सेन्सरकडून दर फेरीला येणारे विजेचे ठोके, निसटतात. पिन लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात, वाचत असाल तर ते खरंच आहे. पण आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या एटीमेगा३२८पी चिपमधला टायमर१ हे प्रोसेसरपासून स्वतंत्र सर्किट आहे. डिजिटल पिन ५ वर आलेल्या प्रत्येक पल्सची चढती कड तो स्वतः मोजतो, मग डिस्प्लेवर अक्षरं उमटायला कितीही वेळ लागो. १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर तो सुमारे ६ मेगाहर्ट्झपर्यंतचे पल्स पकडतो. मागाचे सेकंदाला दोन-तीनच!

मग आकडा चुकतो कुठे? बहुतेकदा सेटिंगमध्ये. आर्डुइनो सुरू होतानाच टायमर१ला पीडब्ल्यूएममध्ये (पल्सची रुंदी बदलण्याच्या मोडमध्ये) टाकतो, त्यामुळे मोजणी २५५ पर्यंत चढून उलटी उतरते. म्हणून आधी टीसीसीआर१ए हे सेटिंगचं रजिस्टर शून्य करा, टीसीएनटी१ म्हणजे मोजणीचा आकडा शून्य करा, मग टीसीसीआर१बी या दुसऱ्या सेटिंग रजिस्टरमध्ये ७ लिहा, म्हणजे टायमर पिन ५ वरचे पल्स मोजू लागेल. ही पायरी सर्रास राहून जाते.

दुसरं, हा काउंटर १६ बिटांचा. ६५५३५ नंतर पुन्हा शून्य. मिनिटाला १२० फेऱ्या धरल्या तर ९ तास ६ मिनिटांत, म्हणजे १२ तासांच्या पाळीत मधेच. ओव्हरफ्लो इंटरप्टमध्ये, म्हणजे काउंटर शून्यावर परतताच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, वेगळा आकडा वाढवायलाच हवा.

आकडा जास्त येत असेल तर रीड स्विचचे (चुंबकाने चालणाऱ्या स्विचचे) संपर्क थरथरतात. काउंटर ती थरथरही इमानाने मोजतो. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावा. २४ व्होल्टचा सेन्सर मात्र थेट पिनला जोडू नका, मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे सिग्नल पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) घाला.