प्रमाणित एव्हिऑनिक्स : लष्करी खरेदी आणि कोकण किनारा

विमानातील रेडिओ, रडार अल्टिमीटर, दिशादर्शक, मिशन कॉम्प्युटर यांसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे (एव्हिऑनिक्स) प्रत्येक विमानासाठी वेगळी न बनवता, अनेक विमानांत बसतील अशा समान नमुन्यांनुसार विकत घेण्याची पद्धत. उपकरणाचा आकार, वीजपुरवठा, कनेक्टर आणि संदेशांची देवाणघेवाण आधी ठरवून दिलेली असते. आतली रचना कोणत्याही कंपनीची असो, बिघडलेला संच काढून तिथे दुसरा लावता येतो.

उपकरणांमधील संदेशांच्या देवाणघेवाणीचे ‘मिल-एसटीडी-१५५३’ हे लष्करी मानक या विचाराचे ठळक उदाहरण. अमेरिकेत १९७३ साली आलेल्या या मानकाची ‘बी’ आवृत्ती १९७८ची. सेकंदाला १० लाख बिट वाहणाऱ्या एका बसवर (सामाईक संदेशवाहिनीवर) यात ३१ उपकरणे जोडता येतात. ‘तेजस’मध्येही हेच मानक आहे.

भारतात अशी भांडवली खरेदी संरक्षण संपादन कार्यपद्धतीनुसार होते. आधी गरजेला मान्यता, मग निविदा, तांत्रिक तपासणी, चाचण्या आणि किमतीची बोलणी. लष्करी उपकरणांची उड्डाणयोग्यता बंगळूरची ‘सेमिलॅक’ ही संस्था प्रमाणित करते.

विमानाचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते, त्यातल्या चिपचे उत्पादन मात्र काही वर्षांतच थांबते. गोव्यातील दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ या नौदल हवाई तळावर १९८३ साली उतरलेली सी हॅरियर लढाऊ विमाने २०१६पर्यंत सेवेत होती. दरम्यान त्यांतील काहींचे मूळ ब्लू फॉक्स रडार काढून इस्रायली ईएल/एम-२०३२ बसवावे लागले. म्हणूनच खरेदीच्या दिवशीची किंमत हा अपुरा निकष ठरतो. जोडणीची पूर्ण कागदपत्रे आणि दुरुस्तीचा हक्क करारातच मिळवला नाही, तर पुढच्या प्रत्येक बदलासाठी मूळ पुरवठादाराकडेच जावे लागते आणि समान नमुन्यांच्या खरेदीचा निम्मा अर्थ तिथेच संपतो.

कोकणात संच बदलण्याचा आणि दुरुस्तीचा प्रश्न अधिक तीव्र होतो. जून ते सप्टेंबर हवेत सतत दमटपणा, त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. कनेक्टरच्या पिनांवर गंज चढला की संदेश अधूनमधून तुटतात. असा दोष शोधणे सर्वांत अवघड, कारण संच कार्यशाळेत तपासला तर तो ठीक चालतो. अमेरिकी ‘मिल-एसटीडी-८१०’ मानकाच्या क्षार-धुके चाचणीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाचे द्रावण फवारतात आणि २४ तास ओले, २४ तास कोरडे अशी आवर्तने घेतात. भारतात ‘जेएसएस ५५५५५’ हे पर्यावरणीय चाचण्यांचे मानक आहे. किनाऱ्यावरच्या विमानांसाठी अशी चाचणी करारात बंधनकारक हवी. सुट्या संचांची संख्याही कोरड्या भागातील तळांच्या अनुभवावरून ठरवू नये.

नौदल आणि तटरक्षक दल दोन्ही डॉर्निअर-२२८ ही टेहळणी विमाने वापरतात. त्यांची उपकरणे सारखी असतील, तरच गोव्यातल्या नौदलाच्या साठ्यातला संच गरजेला तटरक्षक दलाच्या विमानात बसवता येईल.