सोसायटीत ईव्ही चार्जिंगचा मीटर: अर्ज अडतो तो पार्किंगच्या कागदावर

दसऱ्याला गाडी दारात येते, हार-पेढे होतात आणि रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडली जाते. सकाळी बोर्डाचं प्लॅस्टिक वितळलेलं. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाच्या चार वर्षांत हा प्रकार मी तीनदा पाहिला. तिघांचंही म्हणणं एकच, "मीटरचा अर्ज केला होता हो, परत आला."

तो परत का येतो, ते सांगतो.

स्वतःच्या गाडीसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्क आता नियमातच आहे. विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी दुरुस्ती झाली. अर्ज ऑनलाइन होतो. वीज महावितरणची असेल तर नव्या जोडणीचाच अर्ज भरायचा. ओळखपत्र, घराच्या मालकीचा कागद (इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट किंवा घरपट्टीची पावती), गाडीचं आरसी (नोंदणीपत्र) आणि सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) जोडायची. परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्टही लागतो. इथवर कुणी अडत नाही.

अडतं ते पुढच्या प्रश्नावर: मीटर ज्या जागेसाठी मागताय, ती जागा तुमची कशावरून?

"बिल्डरला पार्किंगचे पैसे मोजलेत" हे उत्तर चालत नाही. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं आहे. त्यामुळे बिल्डरची पावती, खांबावर रंगवलेला फ्लॅट नंबर आणि "पंधरा वर्षं मीच लावतो" या तिन्हींची किंमत सारखीच. लागतं ते सोसायटीचं पार्किंग वाटपपत्र, जावक क्रमांक आणि सही-शिक्क्यासह. ते बहुतेकांकडे नसतं, कारण सोसायट्यांनी ते कधी दिलेलंच नसतं.

म्हणून कमिटीकडे आधी वाटपपत्र मागा, मग एनओसी. दोन्ही एकाच अर्जात मागितलं की कमिटीला "जनरल बॉडीत ठेवू" म्हणायला आयतं निमित्त मिळतं. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर. तुमची गाडी आलेली असते ऑक्टोबरात. मग अकरा महिने बसा हात चोळत! विषय सभेपुढे न्यायचाच असेल तर विशेष सभा मागा. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की ती बोलवावी लागते. आणि तुमच्याकडे जागा कमी म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग देत असतील, तर भिंतीवरच्या खासगी चार्जरचा नाद सोडा. सोसायटीच्या नावाने सामाईक जोडणी घ्यायला लावा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या चार्जरखाली शेजाऱ्यांची डिझेल गाडी उभी राहील.

दुसरी अडचण नावांची. फ्लॅट वडिलांचा, गाडी बायकोच्या नावावर, बिल अजून जुन्या मालकाच्या नावाने. घराघरांतलं हे सरळ चित्र आहे, पण वीज कंपनीच्या खिडकीवर ते तीन परकी माणसं होऊन बसतं. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, जुनी थकबाकी असेल तर मिटवा. भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि घरमालकाचं संमतिपत्र, दोन्ही हवेत.

जोडणी मिळण्याच्या मुदतीचा घोळ तर कायमचाच. महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७, ग्रामीण भागात १५, हे बरोबर. पण हे दिवस मोजायचे परिपूर्ण अर्जापासून, तुम्ही पहिल्यांदा सबमिट दाबलंत तेव्हापासून नव्हे. त्रुटी निघाली की मोजणी पुन्हा शून्यावर. त्यात त्रुटी एका वेळी एकच सांगायची ही ऑफिसांची जुनी खोड. आज टेस्ट रिपोर्टवर सही नाही, परवा शिक्का पुसट. तेव्हा सगळ्या त्रुटी एकदम आणि लेखी मागा. कागद पूर्ण असूनही हालचाल नसेल तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्याचा निकाल पटला नाही, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. एनओसी सोसायटीनेच अडवली असेल तर मात्र तिथे जाऊ नका. ते गाऱ्हाणं सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडचं.

वेगळा मीटर हवाच का, हाही प्रश्न आहे. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर लावायला बंदी नाही, दर घरगुतीच लागतो. पण तो दर टप्प्यांचा. महिन्याला हजार किलोमीटर चालवलंत, तर साधारण १५० युनिट वाढतात. २५० युनिटांचं घर ४००वर जातं आणि ३००च्या पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. शिवाय ७.२ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. एवढा मंजूर भार (वीज कंपनीने घराला मान्य केलेली क्षमता) बऱ्याच फ्लॅटना नसतोच, म्हणजे भारवाढीचा अर्ज आलाच. रोज पंधरा-वीस किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र १६ अँपिअरचा साधा प्लग रात्रभर लावून पुरतो. फक्त त्याची वायर मीटर रूममधून, पाइपातून, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की तोडणारा) आणि आरसीसीबी (गळती झाली की तोडणारा) लावून आलेली असावी.

आणि टेस्ट रिपोर्टवर सही घेण्याआधी ठेकेदाराला तुमच्यासमोर अर्थिंग मोजायला लावा. आमच्याकडे एकाने एनओसी, मीटर, चार्जर सगळं पार पाडलं, पहिल्या रात्री गाडीला चार्जरची गन (प्लग) लावली, तर चार्जरचा लाल दिवा. गाडीला अर्थिंग पसंत नव्हतं. खड्डा खणून नवी प्लेट पुरेपर्यंत आणखी नऊ दिवस गेले.