टोटल लॉस गाडी नावावर कशी करायची: पात्रता, कागदपत्रं आणि मुदती

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विमा पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी सॅल्व्हेज (मोडका माल) म्हणून लिलावात जाते. ती घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकता येते. मात्र लिलावाच्या यादीत ‘आरसीसह’ (नोंदणी प्रमाणपत्रासह) लिहिलंय की ‘आरसीविना’, हे सगळ्यात आधी बघा.

कायमच्या निकामी झालेल्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार रद्द होते. त्यामुळे आरसीविना गाडीवर बोली लावताना फक्त सुट्या भागांची किंमत धरा. अशा गाडीचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवला जातो, म्हणून नंबरच्या पट्टीभोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. आरसीसह गाडी असेल तर वाहन पोर्टलवर नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा, ब्लॅकलिस्ट, थकीत कर आणि ई-चलनं बोलीच्या आधीच तपासा.

सर्वाधिक प्रकरणं सहीवर अडतात. गाडी विमा कंपनीमार्फत विकली जाते, पण आरसीवर नाव जुन्या मालकाचंच असतं. म्हणून नमुना २९ (हस्तांतराची सूचना, दोन प्रती) आणि नमुना ३० (हस्तांतराचा अर्ज) यांवर त्याचीच सही लागते, तीही आरटीओच्या नोंदीशी जुळणारी. मूळ आरसी आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८ ची एनओसी. मालक हयात नसेल तर आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्या. सरकारी लिलावातल्या गाडीची वाट वेगळी: नमुना ३२, सोबत विक्री कायम केल्याचा आदेश, ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत.

तुमच्या बाजूने पत्त्याचा पुरावा, पॅन (नसल्यास फॉर्म ६०), लिलावाचं मंजुरीपत्र, पावती, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, चालू विमा आणि पीयूसी.

शेवटच्या दोन गोष्टींमुळे कामाचा क्रम ठरतो. विक्री विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायची असते (दुसऱ्या राज्यात ४५), घेणाऱ्याने ३० दिवसांत. पण एंजिन सुरू झाल्याशिवाय पीयूसी निघत नाही, आणि मोडक्या गाडीला सर्वंकष विमा मिळणं अवघड. तेव्हा आधी एंजिन, रेडिएटर, वायरिंग. मग थर्ड पार्टी पॉलिसी, पीयूसी आणि हस्तांतराचा अर्ज. डेंटिंग-पेंटिंग त्यानंतर. रंगकामात महिना घालवून मग आरटीओत जाणाऱ्याची मुदत हमखास हुकते.

एंजिन बदलायचं असेल तर कलम ५२ खाली नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी आधी घ्या आणि एंजिनाचं मूळ बिल जपा. बदल आरसीवर चढला नाही तर पुढचं हस्तांतर तपासणीतच थांबतं.

धंदा म्हणून करायचं असेल तर १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज नमुना २९अ मध्ये, वैधता ५ वर्षं. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९क मध्ये जाते. तिथून ती फक्त चाचणी, प्रात्यक्षिक, तपासणी, दुरुस्ती किंवा रंगकामासाठीच रस्त्यावर नेता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते.

जीएसटी नोंदणी असेल तर १६ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या मार्जिनवर १८ टक्के कर आहे. मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी किंमत. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. या धंद्यात दुरुस्तीच मोठी असते, म्हणून बोलीचा आकडा ठरवतानाच हा कर धरा. खरेदीच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलंत तर मार्जिनची सवलत जाते आणि पूर्ण विक्री किमतीवर कर बसतो.