परसबागेतील भाजीची काढणी आणि बेगमी

घरामागच्या किंवा अंगणातल्या बागेत आलेली भाजी योग्य वेळी काढणे आणि खाऊन उरेल ती पुढच्या महिन्यांसाठी टिकवून ठेवणे. या बागेला देशावर परस, कोकणात परडे म्हणतात. शहरात आता गच्चीवरच्या कुंड्या आणि पिंपेही त्यात धरावी लागतात. बेगमी म्हणजे पुढे लागणाऱ्या वस्तूंची आधीच केलेली तरतूद. महाराष्ट्रात ती मुख्यतः पावसाळ्यासाठी असते. मृग लागला की कडक ऊन संपते, आणि वाफ्यात तर नुकते कुठे बी पडलेले असते. कोकणात पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना आगोट म्हणतात. आगोटीची तयारी हे घरातले वर्षाचे मोठे काम. गोव्यात हीच तरतूद म्हणजे पुरुमेंत. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त मे-जूनच्या सुमारास येते आणि त्याला पुरुमेंताचें फेस्त म्हणूनच ओळखतात.

शेतातली भाजी एकदम निघते आणि बाजारात जाते. परसातली रोज मूठभर निघते: चार भेंड्या, दोन दोडके, ओंजळभर गवार. एका वेळच्या भाजीला ती पुरत नाही आणि आठ दिवस साचू दिली तर निबर होते. म्हणून इथे काढणी आणि साठवण ही दोन वेगळी कामे नसतात. फळ कोणत्या वयात तोडले, यावरच त्याचे पुढे काय करता येईल ते ठरते.

काढणी

मराठीत भाजी नुसती ‘काढत’ नाहीत. पालेभाजीचे शेंडे खुडतात, मेथी उपटतात, भेंडी-वांगी तोडतात, सुरण खणतात. पालक, चुका जमिनीपासून दोन-तीन बोटे ठेवून कापला तर पुन्हा फुटतो आणि तीन-चार वेळा मिळतो. अळूची पाने देठासकट कापताना मधली दोन-तीन कोवळी ठेवायची असतात. तोडणीला सकाळची वेळ बरी. रात्रीच्या गारव्याने भाजी टवटवीत असते. दुपारी तोडलेली उन्हाची ऊब घेऊनच घरात येते आणि लवकर सुकते.

फळभाजीचा खरा प्रश्न वयाचा आहे. भेंडी फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत तोडणीला येते आणि मग तिला दिवसाआड हात लावावा लागतो. टोक वाकवल्यावर कट्‌कन मोडले तर कोवळी. नुसते वाकले तर चोथा. पानाआड राहून गेलेली एखादी भेंडी दुसऱ्याच आठवड्यात लाकूड होते, शिवाय झाडाची ताकद तिच्या बियांत जाऊन नवी फुले कमी होतात. म्हणून निबर भेंडीही तोडून टाकायचीच असते. दुधीला नख सहज रुतले पाहिजे आणि सालीवरची लव हाताला लागली पाहिजे. त्याची फोड आधी जिभेवर ठेवून पाहावी. घरच्या बियाण्याच्या किंवा आपोआप उगवलेल्या वेलाला कधीकधी कडू फळ येते. हा कडूपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवून जात नाही. कडू दुधी फेकून द्यावा, रस तर मुळीच पिऊ नये. यात काटकसर नको.

कंदांचे गणित याच्या उलट असते. सुरण, कोनफळ, कणगर यांचा पाला पिवळा पडून वाळला की आत कंद भरला असे समजायचे. कांद्याच्या ‘माना पडल्या’ म्हणजे पात मुळाशी मऊ होऊन आडवी झाली की तो काढायला आला. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस वाफ्यातच सुकवतात, मग पात कापून सावलीत पसरतात. ही सुकवण चुकली तर माने-मानेतून सड शिरते आणि एक कांदा सगळी रास घालवतो.

अख्खे टिकणारे

पावसाळी वेलांची जून फळे दिवाळीच्या आसपास तयार होतात. वाळवणाचे कडक ऊन मात्र शिमग्यानंतरचे. मधले चार-पाच महिने भागतात ते निसर्गतःच टिकणाऱ्या फळांवर. त्यात कोहळा पहिला. त्याच्या सालीवर पांढरी भुकटी धरली की तो पक्व झाला. ही भुकटी म्हणजे मेणाचा थर असतो, त्याने आतले पाणी आतच राहते. ती पुसायची नसते. देठ चांगला चार बोटे ठेवून कापायचा, कारण सड बहुधा देठाच्या जागेवरूनच सुरू होते. आणि देठाला धरून उचलायचे नाही. शिंक्यात किंवा माळ्यावर, एकमेकांना न टेकता ठेवलेले कोहळे आणि लाल भोपळे होळीपर्यंत सहज जातात. कोकणात मोठ्या जून काकड्या, म्हणजे तवशी, केळीच्या सोपाने किंवा काथ्याने बांधून वाशाला टांगतात. तवशीच्या गोड धोंडसासाठी मग श्रावण-भाद्रपदाची वाट पाहावी लागत नाही. गणपतीवर बांधायची गोव्याची माटोळीसुद्धा परसातली आणि रानातली फळे-भाज्या टांगूनच सजते, पण तिथे उद्देश साठवणीचा नसून देवापुढे मांडण्याचा आहे.

वाळवण

बेगमीचा गाभा हा. भाजीतले पाणी इतके कमी करायचे की बुरशी आणि जिवाणूंना वाढता येऊ नये. कोहळ्याचा सांडगा हे त्याचे उत्तम उदाहरण, कारण कोहळ्यात बहुतेक पाणीच असते. कोहळा किसून कीस घट्ट पिळतात, त्यात भिजवून वाटलेली उडीद डाळ, मिरची, हिंग, मीठ आणि घरोघरच्या पद्धतीप्रमाणे लाह्या घालून बोटांनी लहान लहान सांडगे घालतात. पिळून निघालेले पाणी फेकायचे नाही, डाळ वाटायला तेच घ्यायचे.

मिरचीची तऱ्हा वेगळी. जाड सालीच्या, बेताच्या तिखट मिरच्या देठासकट घेऊन उभी चीर देतात आणि धणे, मेथी, हिंग, मीठ यांचे सारण भरून वाळवतात. ही सांडगी मिरची. ताकातल्या मिरचीला मात्र आठवडाभर खेपा घालाव्या लागतात. रात्री मिरच्या खारट ताकात, सकाळी निथळून उन्हात, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. असे ताक पूर्ण मुरून संपेपर्यंत. शेवटी मिरची पांढुरकी, हलकी होते आणि तळल्यावर फुलते. दहीभाताशी तिची बरोबरी दुसरे काही करत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

गवार आधी मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून मग वाळवतात. चटका दिल्याने भाजीतली विकरे (एन्झाइम) थांबतात. नाहीतर वाळत असतानाच शेंग काळपट पडते आणि तिला गवताचा वास येतो. घरच्या बायकांना हे ‘एक उकळी दिली की रंग राहतो’ एवढ्याच शब्दांत माहीत असते. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला सावलीतच वाळवावा; कडक उन्हात हिरवा रंग उडतो आणि जीवनसत्त्वेही जास्त जातात. हरभऱ्याचा खुडलेला पाला मात्र देशावर गोणीभर वाळवतात, आणि उन्हाळ्यात तीच भाजी.

वाळवण पुरे झाले की नाही, हे आवाजावरून कळते: मिरची वाजते, गवारीची शेंग मोडताना तडकते. संध्याकाळी उन्हातून उचललेले गरमागरम डब्यात भरले तर आत घाम येतो. गार होऊ द्यावे, मग भरावे, आणि तिसऱ्या दिवशी झाकण उलटून पाहावे. आतल्या बाजूला ओल दिसली तर सगळे पुन्हा उन्हात.

खार, तेल आणि बाटल्या

मीठ भाजीतले पाणी ओढून घेते आणि आंबटपणा बहुतेक जिवाणूंना रोखतो. तेलाचा थर वरून हवा तोडतो. परसातल्या मिरच्या, ओली हळद, माइनमुळा यांची लोणची या तिघांच्या जोरावर टिकतात. कोकणात कच्च्या फणसाचे गरे खारवून ठेवतात आणि लागतील तसे धुऊन भाजीला घेतात. आंबट न घालता नुसत्या तेलात ओला लसूण किंवा भाजी बुडवून बाहेर ठेवणे मात्र धोक्याचे. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला तेच हवे असते. त्याचे बीजाणू 100 अंश सेल्सियसच्या उकळीतही मरत नाहीत. म्हणून भेंडी, गवार, मटार यांसारख्या कमी आम्लाच्या भाज्या पातेल्यात बाटल्या उकळून साठवू नयेत. त्याला दाबाखालची सुमारे 116 ते 121 अंशांची उष्णता लागते. टोमॅटो आम्लतेच्या सीमारेषेवर असतो, त्यात लिंबाचा रस घालतात.

शीतपेटी आल्यापासून निम्मी वाळवणे मागे पडली. सोललेले मटार दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून उणे 18 अंशांना. वर्षभर चव राहते. पण मटार तोडल्या दिवशीच हे करावे, कारण शेंगेतली साखर तासागणिक पिठूळ होत जाते. टोमॅटो, वांगी, काकडी फ्रिजमध्ये जास्त दिवस बऱ्या राहत नाहीत. त्या थंडीने पाणचट होतात. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत अडचण वेगळीच: पहिले दहिवर (गोठलेले दव) पडायच्या आत वेल आणि झाडे मोकळी करावी लागतात, आणि पिकायचे राहिलेले सगळे हिरवे टोमॅटो चटणीत जातात.

बियाला सोडलेले फळ

प्रत्येक वेलावर एक-दोन फळे तोडायचीच नसतात. बहर सरत आला की डौलदार दोडका हेरून त्याला चिंधी बांधतात, म्हणजे घरातले दुसरे कोणी तो भाजीला नेत नाही. तो वेलावरच वाळतो. हलवला की आत बी खुळखुळते, आणि बी काढून घेतल्यावर उरलेली जाळी अंग घासायला होते. राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे इथे जपलेले गावठी वाल आणि भाज्यांचे बियाणे याच घरगुती शहाणपणातून उभे राहिले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चुलीच्या वर टांगलेल्या कणसाला आणि दोडक्याला धुरामुळे कीड लागत नाही. वाल-घेवड्याचे बी राखेत घोळून मडक्यात भरतात. भोपळ्याच्या आणि काकडीच्या बिया शेणात मिसळून भिंतीवर थापायच्या, आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की ती थापी काढून, फोडून, आळ्यात टोचायची.