झारे (मूकपट)

झारे : कॉकेशसमधील यझिदी (इस्लामहून वेगळा, स्वतःचा धर्म पाळणाऱ्या) कुर्दांचे खेड्यातले जीवन आणि विवाहरीती यांवरील सोव्हिएट आर्मेनियन मूकपट (१९२६). दिग्दर्शक हामो बेक-नाझारियान (१८९१–१९६५). कुर्दांच्या जगण्यावरचा पहिला कथापट असा त्याचा मान आहे. ‘झारे’ हे नायिकेचे नाव. रशियाच्या झारशी त्याचा काही संबंध नाही, जरी कथेत झारशाही पुरेपूर असली तरी.

कथा १९१५ सालची. झारे आणि मेंढपाळ सैदो यांचा एकमेकांवर जीव जडला आहे. गावचा प्रमुख तैमूर बेग याला मात्र झारे हवी आहे आणि सरकारी अंमलदार त्याच्या बाजूचे आहेत. मारिया तेनाझी (झारे) आणि ह्राचिया नेर्सिस्यान (सैदो) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. बेग दुष्ट, गरीब सालस, अंमलदार लाचखोर ही मांडणी त्या काळच्या सोव्हिएट प्रचाराच्या साच्यातली आहे. तिच्यात नवल नाही. चित्रपट आजही पाहावासा वाटतो तो त्यातल्या गावामुळे : बायकांचे काम, कळप, पेहराव, लग्नघर.

या गोष्टीतला पेच कळायला कुर्द खेड्यांतली लग्नाची रीत ठाऊक हवी. वरपक्षाने मुलीच्या बापाला ‘कलन’ द्यायचे, रोख किंवा गुराढोरांच्या रूपात. आपल्याकडे ज्याला देज म्हणत, तेच हे. कलन जुळत नसेल तर ‘बेर्देल’, म्हणजे सरळ साटेलोटे : तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. एका घरचा संसार मोडला की दुसऱ्या घरच्या सुनेवरही संक्रांत. तिसरी वाट पळून जाण्याची. तिच्यामागे बहुधा दोन घराण्यांचे वैर लागे. यझिदींमध्ये बंधने आणखी कडक. शेख व पीर (धर्मगुरूंची घराणी) आणि मुरीद (सामान्य अनुयायी) हे तीन वर्ग एकमेकांशी सोयरीक करत नाहीत, आणि धर्माबाहेर लग्न करणारा समाजातूनच बाहेर पडतो. लग्न लागले की मात्र ढोल आणि झुर्ना (सनईच्या कुळातले वाद्य) यांच्या तालावर हातात हात गुंफून ‘गोवंद’चा फेर धरला जातो. त्यात स्त्री-पुरुष एकत्र नाचतात.

बेक-नाझारियान यांना हा विषय नवा नव्हता. त्यांचा आधीचा ‘नामूस’ (म्हणजे इभ्रत; १९२५) हा आर्मेनियन समाजात इभ्रतीपायी होणाऱ्या नासाडीवरचा होता. मराठीतली ‘नामुष्की’ याच शब्दाच्या घरची. शेजारच्या समाजाकडे वळताना त्यांनी प्रश्न तोच ठेवला : मुलीच्या लग्नात मुलीला कोण विचारतो?

चित्रपट आर्मेनियन संस्थेचा, नटही बहुतेक आर्मेनियन, आणि मूकपट असल्याने कुर्दीचा एक शब्द कानावर पडत नाही. ती भाषा पुढे आर्मेनियाची राजधानी एरेवान येथूनच उमटली. १९३० साली तेथे ‘रिया तझा’ (नवी वाट) हे कुर्दी वृत्तपत्र निघाले, आणि १९५५ पासून एरेवान रेडिओवर कुर्दी गाणी नियमित लागू लागली. सीमेपलीकडे तुर्कस्तानात कुर्दीवर बंधने होती. तिथल्या खेड्यांत लोक दारे लावून, आवाज बारीक ठेवून ती ऐकत.